व्यवसाय-माहिती विश्लेषण व अहवाल-प्रणाली

उद्योगसंस्थेच्या दैनंदिन व्यवहारांतून जमा होणाऱ्या नोंदी एकत्र करणे, त्यांतील विसंगती काढून टाकणे, त्यांची वर्गवारी व बेरजा करणे आणि व्यवस्थापकांना निर्णय घेण्यास उपयोगी पडतील अशा अहवालांच्या, सारण्यांच्या व आलेखांच्या रूपाने त्या सादर करणे, या कार्यपद्धतीस व ती पार पाडणाऱ्या संगणकीय साधनांस मिळून ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे म्हणतात. ‘व्यावसायिक बुद्धिमत्ता’ हे तिचे काही ठिकाणी रूढ झालेले भाषांतर निम्माच अर्थ सांगते. कारण मूळ प्रयोगात इंटेलिजन्स या शब्दाचा अर्थ बातमी किंवा खबर असा होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून उद्योगसंस्थांची विक्री, हिशेब, वेतन, साठा यांविषयीची सॉफ्टवेअरे संस्थेच्या स्वतःच्या यंत्रांवर न चालता पुरवठादाराच्या दूरस्थ संगणक-केंद्रांत चालू लागली. या पद्धतीस मेघ-संगणन (क्लाउड) ही संज्ञा आहे. सॉफ्टवेअर विकत घेण्याऐवजी वर्गणी भरून वापरावयाचे, हे तिचे व्यापारी स्वरूप होय. व्यवहाराच्या मूळ नोंदीच अशा रीतीने संस्थेच्या आवाराबाहेर गेल्यामुळे अहवाल तयार करण्याच्या पद्धतीत मोठे बदल झाले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या बदललेल्या पद्धतीचा विचार केला आहे.

जुन्या मराठी दप्तरव्यवहारातील तीन शब्दांनी विषयाची मांडणी सहज स्पष्ट होते. रोजकीर्दीत जमाखर्च जसे घडतील तसे क्रमाने लिहिले जात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लावले जात. आणि तेरजेत त्यांचा गोषवारा काढून तो धन्यापुढे ठेवला जाई. संगणकीय व्यवहार-प्रणाली ही रोजकीर्द, माहिती-कोठार (डेटा वेअरहाउस) ही खतावणी आणि अहवाल ही तेरीज होय. रोजकीर्द कितीही चोख असली, तरी तेरीज चुकल्यास निर्णय चुकतो. आणि तेरीज बरोबर आहे की नाही, हे केवळ तिच्याकडे पाहून कळत नाही, त्यासाठी रोजकीर्दीशी ताळा घ्यावा लागतो. साधने बदलली तरी या दोन अडचणी कायम राहिल्या आहेत.

इतिहास : बिझनेस इंटेलिजन्स हा शब्दप्रयोग रिचर्ड मिलर डेव्हन्स या अमेरिकन लेखकाने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक आख्यायिकांच्या कोशात आढळतो. सर हेन्री फर्नीस या लंडनच्या पेढीवाल्याने हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स व जर्मनी या देशांत बातम्या मिळविण्याची साखळी उभी केली होती आणि लढायांच्या निकालांची वार्ता इतरांच्या आधी हाती येत असल्यामुळे त्याला मोठा नफा होई, असे त्यात वर्णन आहे. पेशवाईतील वकिलांची अखबारे ज्या गरजेतून निघाली, त्याच जातीची ही गरज होती. नोंदींची यांत्रिक मोजणी त्यानंतर पाव शतकाने सुरू झाली. हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) याच्या छिद्रपत्र-यंत्रांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे काम झाले आणि पुढे रेल्वे कंपन्या, विमा कंपन्या इत्यादींनी तीच यंत्रे आपल्या हिशेबासाठी स्वीकारली.

आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून (१८९६–१९६४) याने ऑक्टोबर १९५८ मध्ये कंपनीच्या संशोधनपत्रिकेत या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. त्याची कल्पना आकड्यांच्या अहवालांची नव्हती. संस्थेत येणाऱ्या कागदपत्रांचे यंत्राने सारांश काढावेत आणि ज्या अधिकाऱ्याला जो विषय लागतो तो सारांश आपोआप त्याच्याकडे पोहोचवावा, अशी ती योजना होती. इंटेलिजन्स म्हणजे समोर आलेल्या तथ्यांमधील परस्परसंबंध ओळखून इष्ट दिशेने कृती करण्याची क्षमता, असा अर्थ त्याने घेतला. खबर आणि आकलन या दोन्ही छटा त्यामुळे संज्ञेत मिसळल्या.

एडगर कॉड (१९२३–२००३) याने १९७० मध्ये माहितीसंचयाचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या सारण्यांत ठेवावी आणि ती कशी शोधावी हे यंत्रावर सोपवून केवळ काय हवे तेवढेच सांगावे, हा त्याचा गाभा होय. व्यवहार-प्रणालींना या पद्धतीने फार बळ मिळाले. पण एक अडचणही पुढे आली. ज्या सारण्यांत दर क्षणी नव्या पावत्या लिहिल्या जात आहेत, त्यांच्यावरच वर्षभराच्या बेरजा मागितल्या, तर दोन्ही कामे मंदावतात. शिवाय विक्री, साठा व लेखा यांच्या प्रणाली निरनिराळ्या असल्याने त्यांचे आकडे जुळत नसत. यावर उपाय म्हणून आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये, केवळ विश्लेषणासाठी राखलेल्या स्वतंत्र माहिती-कोठाराची रचना प्रसिद्ध केली. पुढील वर्षी, १९८९ मध्ये, हॉवर्ड ड्रेस्नर याने अशा सर्व साधनांसाठी बिझनेस इंटेलिजन्स हे नाव प्रचारात आणले व ते टिकले.

कोठार कसे बांधावे याविषयी दोन संप्रदाय निर्माण झाले. विल्यम इन्मन (१९९२) याच्या मते संपूर्ण संस्थेसाठी प्रथम एक सुसंगत मध्यवर्ती कोठार रचावे व मग त्यातून विभागवार भाग काढावेत. राल्फ किंबॉल (१९९६) याने उलट, एकेका व्यवसायक्रियेपासून आरंभ करून समान परिमाणांच्या साहाय्याने ते भाग जोडत जावे, असे प्रतिपादन केले. व्यवहारात बहुतेक संस्थांनी दोहोंचे मिश्रण स्वीकारले. मात्र किंबॉलची सारणी-रचना समजण्यास सोपी असल्याने अहवालाच्या अंगाने तीच अधिक पसरली. कॉडने १९९३ मध्ये बहुपरिमाणी विश्लेषणाचे बारा नियम सांगितले. हा निबंध आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीच्या साहाय्याने लिहिला गेला होता आणि तिचे उत्पादन त्या नियमांत चांगले बसत होते, हे उघड झाल्यावर त्यावर बरीच टीका झाली. कल्पना मात्र उपयुक्त ठरली.

नव्वदीच्या दशकात फ्रान्समधील बिझनेस ऑब्जेक्ट्स, कॅनडातील कॉग्नॉस, अमेरिकेतील हायपेरियन व मायक्रोस्ट्रॅटेजी, स्वीडनमधील क्लिक अशा कंपन्या या क्षेत्रात प्रसिद्धीस आल्या. २००७ हे वर्ष या व्यापाराच्या इतिहासात निर्णायक मानले जाते. त्या एका वर्षात ऑरॅकलने हायपेरियन घेतली, तर सॅप व आयबीएम यांनी अनुक्रमे बिझनेस ऑब्जेक्ट्स व कॉग्नॉस घेण्याचे जाहीर केले. स्वतंत्र अहवाल-साधनांचा पहिला कालखंड त्याबरोबर संपला.

दुसऱ्या कालखंडाचे बीज तोपर्यंत रुजले होते. १९९९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापन झालेल्या सेल्सफोर्स कंपनीने विक्रीविषयक सॉफ्टवेअर केवळ इंटरनेटवरून, वर्गणीच्या पद्धतीने देण्यास प्रारंभ केला. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण व संगणनशक्ती भाड्याने देण्याच्या सेवा सुरू केल्या. गूगलने २०१० मध्ये बिगक्वेरी ही सेवा जाहीर केली. ॲमेझॉनचे रेडशिफ्ट हे मेघस्थ कोठार २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या स्नोफ्लेक कंपनीने साठवण व संगणन हे दोन भाग एकमेकांपासून पूर्ण अलग करून त्यांचे स्वतंत्र भाडे आकारण्याची पद्धत रूढ केली. कोठार उभारण्यासाठी आधी यंत्रे विकत घ्यावी लागत व ती वर्षातील मोठ्या कामाच्या मापाने घ्यावी लागत. आता वर्षअखेरीच्या दोन दिवसांपुरती शक्ती वाढवून नंतर ती सोडून देता येऊ लागली.

कार्यपद्धती : मूळ प्रणालींतून नोंदी काढणे, त्यांचे शुद्धीकरण व रूपांतर करणे आणि त्या कोठारात भरणे, असे कामाचे तीन टप्पे आहेत. पूर्वी रूपांतर आधी व भरणा नंतर होई. मेघस्थ कोठारांत साठवण स्वस्त झाल्याने नोंदी जशाच्या तशा आधी भरून ठेवतात आणि रूपांतर कोठाराच्या आतच करतात. यामुळे नियम चुकला असे आढळल्यास मूळ नोंदींवरून पुन्हा हिशेब करता येतो, हा मोठाच लाभ आहे.

कोठारातील सारण्या सामान्यतः तारकाकृती रचनेत असतात. मध्यभागी तथ्य-सारणी असते. तिच्यात प्रत्येक व्यवहाराची संख्या, रक्कम, वजन अशी मोजता येणारी मूल्ये असतात. तिच्याभोवती ग्राहक, वस्तू, स्थळ, काळ यांच्या परिमाण-सारण्या असतात. ‘नाशिक विभागात मागील तिमाहीत कोणत्या वस्तूंची विक्री घटली’ यासारख्या प्रश्नात ‘विक्री’ तथ्यातून आणि उरलेले शब्द परिमाणांतून येतात. साठवणही ओळीवार न करता रकानेवार करतात. शंभर रकान्यांच्या सारणीतून दोनच रकान्यांची बेरीज हवी असल्यास उरलेले अठ्ठ्याण्णव वाचावे लागत नाहीत. शिवाय एका रकान्यातील मूल्ये एकसारखी असल्याने ती दाबून अल्प जागेत मावतात. कोट्यवधी नोंदींच्या बेरजा काही सेकंदांत मिळतात, त्याचे हे प्रमुख कारण होय.

कोठार व अहवाल यांच्या मध्ये अर्थस्तर असतो. ‘निव्वळ विक्री म्हणजे एकूण विक्री वजा परतावा वजा सूट’ अशा व्याख्या त्यात एकदाच लिहून ठेवतात आणि सर्व अहवाल त्यांचाच वापर करतात. हा स्तर नसेल, तर प्रत्येक अहवालकर्ता आपापली व्याख्या लिहितो व एका शब्दाला संस्थेत पाच अर्थ प्राप्त होतात. सर्वांत वरचा, वापरणाऱ्याला दिसणारा भाग म्हणजे आलेख व डॅशबोर्ड. मोटारीच्या चालकासमोरील फलकावरून हे नाव आले आहे. विक्रेते मुख्यतः याच भागाचे प्रदर्शन करतात. परंतु प्रणालीची विश्वसनीयता खालच्या स्तरांवर अवलंबून असते.

मेघस्थ सॉफ्टवेअरांतील विशेष प्रश्न : एकाच पुरवठादाराच्या संगणक-केंद्रात हजारो संस्थांच्या नोंदी पुष्कळदा एकाच सारण्यांत, केवळ संस्थेच्या ओळख-क्रमांकाने वेगळ्या करून ठेवलेल्या असतात. एका ग्राहकाच्या जड अहवालामुळे इतरांची गैरसोय होऊ नये म्हणून पुरवठादार प्रत्येकाच्या वापरावर मर्यादा घालतो. उदा., सेल्सफोर्समधील अहवालाच्या पडद्यावर अधिकांत अधिक २,००० ओळी दिसतात आणि बाह्य प्रणालीने दिवसाकाठी किती वेळा नोंदी मागाव्यात यालाही सीमा आहे. म्हणून अंगभूत अहवाल दैनंदिन कामास पुरेसे असले, तरी अनेक प्रणालींची सांगड घालण्यासाठी स्वतंत्र कोठार लागतेच.

विक्रीविषयक सॉफ्टवेअरात एखाद्या व्यवहाराची अवस्था ‘बोलणी चालू’वरून ‘पक्का’ अशी बदलली, की मागील अवस्था सामान्यतः पुसली जाते. आजची स्थिती त्यात अचूक असते. पण तीन महिन्यांपूर्वी हातात किती संभाव्य व्यवहार होते, या प्रश्नाचे उत्तर त्यात असेलच असे नाही. त्यासाठी ठरावीक दिवशी सर्व नोंदींची प्रत काढून कोठारात दिनांकासह ठेवावी लागते. जो दिवस चुकला, त्याची प्रत मागाहून मिळत नाही. प्रणाली सुरू करताना याकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थांना वर्षाअखेरीस तुलनाच करता येत नाही, असा अनुभव आहे.

वेळेचा प्रश्न भारतीय वापरकर्त्यांना विशेष जाणवतो. मेघस्थ प्रणाली नोंदींची वेळ बहुधा जागतिक समन्वित वेळेत साठवतात व भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. १ एप्रिल रोजी पहाटे २ वाजता पुणे येथे झालेली ऑनलाइन विक्री साठवणीत ३१ मार्च, रात्री ८·३० अशी लिहिली जाते. अहवालात वेळेचे रूपांतर केले नाही, तर ती विक्री केवळ दुसऱ्या दिवसात नव्हे, तर दुसऱ्या आर्थिक वर्षात मोजली जाते.

अधिकारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्यवस्थापकास सर्व शाखांचे आकडे दिसावेत व शाखाधिकाऱ्यास फक्त आपल्या शाखेचे दिसावेत, असे नियम मूळ सॉफ्टवेअरात असतात. पण नोंदी कोठारात नेल्यावर ते नियम आपोआप सोबत जात नाहीत, पुन्हा लिहावे लागतात. काही प्रणालींत डॅशबोर्ड पाहणाऱ्याच्या अधिकाराने न चालता, तो तयार करताना नेमून दिलेल्या व्यक्तीच्या अधिकाराने चालविता येतो. अशी व्यक्ती संचालक असल्यास कनिष्ठ कर्मचाऱ्यासही संचालकाला दिसणाऱ्या बेरजा दिसतात. सोयीसाठी दिलेली ही सवलत वेतनाच्या अहवालांत अनर्थ घडवू शकते.

वर्गणीऐवजी वापराप्रमाणे आकारणी होत असल्याने अहवालाची किंमतही दिसू लागली. बिगक्वेरीत वाचल्या गेलेल्या माहितीच्या आकारमानावर, तर स्नोफ्लेकमध्ये संगणनाच्या वेळेवर आकार पडतो. कोणी पाहत नसलेला डॅशबोर्ड दर पाच मिनिटांनी स्वतःला ताजा करीत राहिला, तर त्याचे भाडे मात्र चालूच राहते.

आकड्यांचा अर्थ : अहवालांविषयीचे बहुतेक वाद यंत्राच्या गणिताविषयी नसून शब्दांच्या अर्थाविषयी असतात. समजा, एका सॉफ्टवेअर कंपनीने तीन वर्षांचा ३६ लाख रुपयांचा करार केला, पहिल्या वर्षाचे १२ लाखांचे बिल पाठविले आणि सेवा सुरू होऊन एक महिना झाला. विक्री विभागाच्या अहवालात ३६ लाख दिसतात, वसुली विभागाच्या अहवालात १२ लाख आणि लेखा विभागाच्या अहवालात उत्पन्न म्हणून केवळ १ लाख. तिन्ही आकडे बरोबर आहेत. उत्पन्न सेवा पुरविली जाईल तसतसे धरावयाचे, हा लेखा विभागाचा नियम ‘इंड एएस ११५’ या लेखामानकातून येतो. हे मानक भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. तिन्ही अहवालांना ‘विक्री’ हेच शीर्षक दिले, की संचालक मंडळाच्या बैठकीचा पहिला तास कोणाचा आकडा खरा यातच जातो. ‘सत्याची एकच प्रत’ असे या क्षेत्रातील लोकप्रिय वचन आहे. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळी नावे देणे हेच अधिक साध्य व उपयोगाचे असते.

गणिती स्वरूपाच्या चुकांत दुबार मोजणी सर्वांत सामान्य आहे. १,००,००० रुपयांच्या एका मागणीचा माल तीन खेपांत पाठविला आणि मागण्यांची सारणी खेपांच्या सारणीस जोडली, तर त्या मागणीची ओळ तीन वेळा येते व बेरजेत ३,००,००० रुपये धरले जातात. यंत्राच्या दृष्टीने यात कोणतीही चूक नसते, म्हणून ते इशाराही देत नाही. सरासरीची सरासरी काढणे हा दुसरा प्रमाद. एका शाखेत १० चौकशांपैकी ५ आणि दुसरीत ९० पैकी ९ फलद्रूप झाल्या, तर शाखांचे प्रमाण अनुक्रमे ५० व १० टक्के होते. त्यांची सरासरी ३० टक्के येते. वस्तुतः १०० चौकशांपैकी १४ म्हणजे १४ टक्केच फलद्रूप झालेल्या असतात.

चुकीच्या अहवालांचे परिणाम : इंग्लंडमध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी सरकारी दैनिक आकडेवारीत आल्या नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींत भरल्या जात होत्या. त्या प्रकारात एका पृष्ठावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत व उरलेल्या गळून पडल्या. बाधितांना त्यांचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. आकडेवारी मात्र प्रतिदिन नेहमीसारखी प्रसिद्ध होत होती. गाळलेल्या नोंदी अहवालात दिसत नाहीत. म्हणून मूळ प्रणालीतून किती ओळी निघाल्या व कोठारात किती पोहोचल्या, यांचा मेळ दररोज घालणे हा या कामातील प्राथमिक दंडक मानला जातो.

जेपी मॉर्गन चेस या बँकेच्या लंडन शाखेतील व्यवहारांत २०१२ मध्ये सुमारे ६·२ अब्ज डॉलर तोटा झाला. बँकेच्याच चौकशी-अहवालानुसार (२०१३), जोखीम मोजण्याच्या नव्या पद्धतीत आकडे एका स्प्रेडशीटमधून दुसरीत हाताने उतरवले जात होते आणि एके ठिकाणी दोन दरांच्या सरासरीने भागण्याऐवजी त्यांच्या बेरजेने भागले गेले होते. त्यामुळे चढउतार निम्मे दिसले व जोखीम कमी वाटली. तोट्याचे मूळ कारण हे नव्हे. पण वेळीच सावध करणारा आकडा त्यामुळे मऊ झाला.

आकडा बरोबर असूनही अनर्थ होऊ शकतो. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहक-कुटुंबामागे आठ खाती वा सेवा असे लक्ष्य ठेवले होते व शाखांची प्रगती त्या मापाने सतत पाहिली जात होती. लक्ष्य गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीविना खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेस एकूण १८·५ कोटी डॉलर दंड झाला. तोपर्यंत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले होते. संशयास्पद खात्यांची संख्या ३५ लाखांपर्यंत असावी, असे बँकेने २०१७ मध्ये सांगितले. डॅशबोर्डवर ही सर्व खाती यश म्हणूनच मोजली जात होती. एखाद्या संख्येवर नियंत्रणासाठी दाब दिला की तिची उपयुक्तता ढासळते, असे निरीक्षण ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट याने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात १९७५ मध्येच मांडले होते. अधिक वेगाने व अधिक जणांना दिसणारा अहवाल हा दाब वाढवितो.

सर्व नोंदी एका ठिकाणी आणल्याने चोरीचा धोकाही एकवटतो. २०२४ मध्ये स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहकसंस्थांची माहिती चोरीस गेली. चोरट्यांनी आधी अन्यत्र चोरलेले परवलीचे शब्द वापरले आणि ज्या खात्यांना दुहेरी ओळख-पडताळणी नव्हती, त्यांत प्रवेश मिळविला. तपास करणाऱ्या मँडियंट संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली.

प्रमुख साधने : मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय (२०१५) हे एक्सेलच्या सवयीवर उभे असल्याने फार वेगाने पसरले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून २००३ मध्ये निघालेली टॅब्लो कंपनी आलेखांच्या लवचिक मांडणीसाठी ओळखली जाते; ती सेल्सफोर्सने २०१९ मध्ये विकत घेतली. त्याच वर्षी गूगलने लुकर घेण्याचे जाहीर केले. अर्थस्तराची शिस्त हे लुकरचे वैशिष्ट्य आहे. सॅप व ऑरॅकल यांची साधने त्यांच्याच हिशेब-प्रणाली वापरणाऱ्या मोठ्या संस्थांत आढळतात. चेन्नईत विकसित झालेले झोहो ॲनालिटिक्स लहान व मध्यम उद्योगांत वापरले जाते. सुपरसेट व मेटाबेस ही मुक्त-स्रोत साधने आहेत. स्वतंत्र कंपन्या मेघ-पुरवठादारांनी गिळल्यामुळे ग्राहकाचे मूळ सॉफ्टवेअर, कोठार व अहवाल ही तिन्ही एकाच हाती जाण्याची प्रवृत्ती दिसते. पुरवठादार बदलणे सुकर व्हावे यासाठी यूरोपीय संघाने केलेला माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

२०२३ पासून साध्या भाषेत प्रश्न विचारून अहवाल मिळविण्याची सोय अनेक साधनांत आली. भाषा-प्रतिमान प्रश्नाचे रूपांतर सारण्यांना समजणाऱ्या आज्ञेत करते. सोपे प्रश्न यात झटपट सुटतात. तथापि वर सांगितलेली दुबार मोजणी किंवा व्याख्यांची सरमिसळ अशा आज्ञेतही होते, आणि उत्तर सफाईदार वाक्यांत येत असल्याने ते तपासण्याची इच्छा कमी होते. व्याख्या अर्थस्तरात आधीच बांधून दिलेल्या असल्यास चुका घटतात, असे दिसते.

भारतातील स्थिती : मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे मेघ-केंद्रे सुरू केली. देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. त्यामुळे बँकांच्या दृष्टीने या केंद्रांचे महत्त्व वाढले. पुणे, बंगळूर, हैदराबाद व चेन्नई येथील सॉफ्टवेअर-संस्थांत परदेशी कंपन्यांची कोठारे सांभाळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. अमेरिकेत रात्र असताना होणाऱ्या भरण्यावर येथे दिवसा लक्ष ठेवले जाते.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने लहान व्यापाऱ्यासही नोंदींचा मेळ घालणे भाग पाडले. पुरवठादाराने विवरणपत्रात दाखविलेली विक्री आणि आपल्या वहीतील खरेदी जुळली नाही, तर भरलेल्या कराची वजावट अडते. कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरात प्रत्येक बदलाचा माग ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे. रोजकीर्दीतील खाडाखोड आता अशा रीतीने स्वतःच एक नोंद बनली आहे.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. ज्या उद्दिष्टासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसावी, असे या कायद्याचे सूत्र आहे. याउलट, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून सर्व काही राखणे ही माहिती-कोठाराची आजवरची रीत. ग्राहकाची नोंद मूळ सॉफ्टवेअरातून काढली, तरी कोठारातील प्रती, दिनांकवार काढून ठेवलेल्या जुन्या स्थिती आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या संगणकांवर उतरवून घेतलेल्या स्प्रेडशीट यांत ती शिल्लक राहते. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणांहून ती शोधून काढण्याची साधने आहेत. तिसऱ्या ठिकाणी कोणाकडे कोणती प्रत आहे, याची यादी बहुतेक संस्थांकडे नसते.